बंब अंगणातच बरा

नरकचतुर्दशीला आमच्या घरात सर्वांच्या आधी बंब उठतो. पहाटे चारच्या सुमारास अंगणात काडी ओढल्याचा आवाज होतो. मग नारळाच्या शेंडीचा तो ओळखीचा धूर दरवळतो आणि थोड्या वेळाने तांब्याच्या पोटात पाणी गुणगुणू लागते. उटणे, सुगंधी तेल, पायाखाली चिरडायचे कारीट, पहिल्या आंघोळीवरून मुलांची भांडणे, हे सारे त्यानंतरचे. वाईच्या आमच्या घरी गेली पासष्ट वर्षे हा क्रम चालत आला आहे.

यंदा मात्र दसऱ्याची साफसफाई चालली असता माझ्या मुलीने बंबावर बोट ठेवले. ती नववीत आहे, म्हणजे घरातल्या प्रत्येक जुन्या वस्तूचा हिशेब मागण्याच्या वयात आहे.

"बाबा, गच्चीवर सोलर बसून आठ वर्षं झाली. हा बंब मोडीत घाला ना! आणि ठेवायचाच असेल, तर निदान न्हाणीघरात तरी ठेवा. अंगणात पावसापाण्यात कशाला?"

मी शाळेत इतिहास शिकवतो. पानिपतावर किंवा फ्रेंच राज्यक्रांतीवर कोणी प्रश्न विचारला तर मी गडबडत नाही. पण या प्रश्नाने गडबडलो. कारण बंब अंगणात का, याचे उत्तर मला पुस्तकात सापडले नव्हते. ते मला वयाच्या सतराव्या वर्षी फार महाग पडले होते. ते उत्तर देण्यापूर्वी या बंबाची कुळकथा सांगायला हवी. वाचकांनी थोडा धीर धरावा.

हा बंब माझ्या आजोबांनी पानशेतच्या पुराच्या आदल्या दिवाळीत, म्हणजे १९६० साली, पुण्याच्या तांबट आळीतून आणला. कसबा पेठेतल्या या आळीत पेशवाईत कोकणातून आलेली तांबट घराणी वसली आणि तेव्हापासून हातोड्याचा ठोका तेथे पिढ्यान् पिढ्या घुमत राहिला. तांब्याच्या पत्र्यावर एकाशेजारी एक ठोके देत जाण्याच्या कामाला तांबट लोक मठारकाम म्हणतात. त्या ठोक्यांची नक्षी डोळ्यांना सुखवते खरी. पण तिचे मुख्य काम निराळेच आहे. तांबे मुळात मऊ. ठोक्यांनी ते कठीण होते आणि भांडे पोचे न पडता टिकते.

आजोबा बंब कसा निवडला ते फार रंगवून सांगत. दुकानात शिरल्यावर त्यांनी चकाकीकडे पाहिलेच नाही. प्रथम बोटाच्या पेराने बंब वाजवून पाहिला, पत्रा पातळ आहे की जाड ते कानाने ठरवले. मग मधल्या नळीत हात घालून ती पुरेशी रुंद आहे का ते पाहिले, कारण नळी अरुंद असली की जाळ गुदमरतो आणि धूर उलटा तोंडावर येतो. तोटीखाली बादली नीट बसते का, खालची लोखंडी जाळी निघते का, राख ओढायला जागा आहे का, हे सारे झाले. शेवटी त्यांनी बंब पाण्याने भरायला लावला, खाली कोरड्या राखेचा थर पसरला आणि तासभर दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. राखेवर एकही ओला ठिपका पडला नाही, तेव्हा पैसे मोजले. आजही कोणाला बंब घ्यायचा असेल, तर याहून चांगली परीक्षा मला ठाऊक नाही.

बंब हा शब्दही पाहुणाच. पोर्तुगीज भाषेत पाणी उपसणाऱ्या यंत्राला 'बोंबा' म्हणतात. तो शब्द कोकण किनाऱ्यावर उतरला, मराठी झाला आणि आग विझवणाऱ्या बंबालाही मिळाला व आग पोटात घेऊन बसणाऱ्या बंबालाही मिळाला. गंमत अशी, की बंबाचे सारे गणगोतही त्याच गलबतांतून आलेले आहे. तोटीखालची बादली, कोपऱ्यातले पिंप, राख भरायचे घमेले, हे तिन्ही शब्द पोर्तुगीजांकडूनच आपल्याकडे आले.

परंतु बंबामागची युक्ती पोर्तुगीजांहून पुष्कळ जुनी. आग भांड्याखाली लावली, की तिची अर्धीअधिक ऊब भांड्याच्या कडेने वर निसटून जाते. तीच आग भांड्याच्या पोटात घातली, तर चहूबाजूंनी पाणीच असते. उबेला पळायला जागा कमी. पाँपेईच्या राखेतून अशी रोमन भांडी निघाली आहेत, ज्यांच्या पोटात निखाऱ्यांची जागा आणि भोवती पाणी आहे. रशियातील तूला शहरी १७७८ साली लिसित्सिन बंधूंनी समोवार करण्याचा कारखाना काढला. त्या समोवारच्या मधोमधही आपल्या बंबासारखीच उभी नळी असते. काश्मिरी घरांत चहा उकळतो तोही समोवारातच. आणि १८२९ साली इंग्लंडात रेनहिलच्या शर्यतीत ज्या 'रॉकेट' इंजिनाने बाजी मारली, त्याच्या बॉयलरात पाण्यामधून तांब्याच्या पंचवीस नळ्या गेलेल्या होत्या आणि त्या नळ्यांतून जाळाची ऊब वाहत होती. आमच्या बंबात एकच नळी आहे. पण तो रॉकेटचा दूरचा भाऊबंद आहे असे मी वर्गात सांगतो, तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही माना वर करतात.

आणखी एक युक्ती पाहा. आमच्या बंबाला वर नरसाळ्यासारखे तोंड आहे. त्यातून ओतलेले गार पाणी नळीने थेट तळाशी जाते आणि वरचे गरम पाणी तोटीतून बाहेर पडते. जितके गार ओतावे तितके गरम मिळते आणि बंब कधी रिकामा राहत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुकाराने स्नानगृहे कशी बांधावीत ते लिहून ठेवले आहे. भट्टीवर कांस्याचे तीन हंडे बसवावेत, एक गरम पाण्याचा, एक कोमट, एक गार. गरम हंड्यातून जितके पाणी जाईल तितके कोमट हंड्यातून त्यात यावे आणि कोमट हंड्यात तितकेच गार हंड्यातून यावे, अशी त्याची मांडणी होती. आमच्या आजीने व्हिट्रुव्हियसचे नावही ऐकले नव्हते. पण "घेईल त्यानं तितकं ओतावं" हा तिचा नियम त्या रोमन नियमाचेच घरगुती रूप होते.

रोमन स्नानगृहांत आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी होती. भट्टी स्नानाच्या दालनात नसे. ती बाहेरच्या अंगाने पेटवीत. तिची ऊब जमिनीखालच्या पोकळीतून आणि भिंतींतून आत येई, धूर बाहेरच्या बाहेर जाई. न्हाणारा आत आणि आग बाहेर. हे दोन हजार वर्षांपूर्वी ठाऊक असलेले शहाणपण मी १९९६ साली एका सकाळी विसरलो.

आषाढ होता. वाईचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या दिवसांचे अंगण डोळ्यांपुढे आणता येईल. आई डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन रोज पहाटे बंब पेटवी. ओले सरपण, डोळ्यांत धूर, पाठीवर पावसाची धार. मला ते पाहवेना. मी नुकताच मॅट्रिक झालो होतो आणि आपल्याला सारे कळते अशी माझी समजूत होती. एका संध्याकाळी आजोबा व अण्णा घरी नसताना मी बंब ओढत न्हाणीघरात नेला. आई म्हणाली,

"अरे, आत धूर कोंडेल."

"लाकूड घालायचंच नाही," मी म्हणालो, "लोणारी कोळसा घालू. त्याला धूर नसतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे मीच कोळसे फुलवले. लालबुंद निखारे, धुराचा मागमूस नाही. खिडकीतून पावसाचे शिंतोडे येत होते म्हणून तीही मी लावून घेतली. आपण आईची केवढी सोय केली, या आनंदात मी पुन्हा जाऊन पडलो. आई आंघोळीला गेली, तिने कडी लावली आणि थोड्या वेळाने आतून तांब्या पडल्याचा आवाज आला. नंतर काहीच आवाज आला नाही.

अण्णांनी हाका मारल्या, मग खांद्याने दार फोडले. आईला उचलून आम्ही त्याच अंगणात, त्याच पावसात आणून निजवले. ती हलत नव्हती. ते दोन-तीन क्षण माझ्या हिशेबी अजून संपलेले नाहीत. मग तिने मोठा श्वास घेतला, ओकारी झाली, डोळे उघडले. डॉक्टर आले. त्यांनी न्हाणीघरात डोकावून पाहिले, निखारे पाहिले, लावलेली खिडकी पाहिली आणि म्हणाले, "आणखी पाच-दहा मिनिटं गेली असती, तर मला बोलावून उपयोग नव्हता."

आजोबांनी एकच प्रश्न विचारला, "बंब आत कोणी नेला?"

मी तोंड उघडण्याच्या आत अंथरुणावरून आईचा क्षीण आवाज आला, "मीच म्हटलं होतं. बाहेर भिजायला होतं रोज."

आजोबा तिला बरेच बोलले. ती ऐकून घेत राहिली. मी दाराशी उभा राहून ऐकत होतो आणि गप्प होतो.

पुढे इतिहासाचा मास्तर झाल्यावर एके दिवशी वाचता वाचता मला माझ्यासारखाच एक शहाणा भेटला. त्याचे नाव ज्युलियन. हा पुढे रोमचा सम्राट झाला, पण इ. स. ३५८ च्या सुमारास हिवाळ्यात तो लुटेशियात, म्हणजे आजच्या पॅरिसमध्ये, मुक्कामाला होता. थंडी भयंकर होती, नदीत बर्फाचे तुकडे वाहत होते. तिथली बरीच घरे भट्टीच्या उबेने तापवीत. पण याने हट्टाने आपली खोली तापवू दिली नाही. शेवटी थंडी असह्य झाली तेव्हा थोडे निखारे तेवढे खोलीत आणवले. त्याचे डोके जड झाले, झोप येऊ लागली आणि तो गुदमरला. नोकरांनी उचलून बाहेर नेले आणि वैद्यांनी ओकारी करवली, तेव्हा तो वाचला. ही हकीकत त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. भिंतींतली ओल उबेने बाहेर पडली आणि तिच्या वाफेने आपल्याला बाधा झाली, असे त्याला वाटले. निखाऱ्यांवर त्याने संशय घेतला नाही, कारण निखाऱ्यांना धूर नव्हता. मीही घेतला नव्हता.

खरा अपराधी कोण, हे समजायला मग पंधराशे वर्षे लागली. कोळशाला हवा अपुरी मिळाली, की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते; त्यामुळे श्वास चालू असूनही माणूस आतल्या आत गुदमरतो. जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने हा वायू स्वतः हुंगून आपल्या शरीरावर प्रयोग केले. कोळशाच्या खाणींतील स्फोटांवर १८९६ साली त्याने जो अहवाल दिला, त्यात दाखवले, की खाणकामगार मरतात ते बहुतांशी स्फोटाच्या तडाख्याने मरत नाहीत, मागाहून पसरणाऱ्या या वायूने मरतात. लहान प्राणी माणसाच्या आधी कोसळतो, तेव्हा तो सोबत न्यावा, ही सूचनाही त्याचीच. म्हणून इंग्लंडच्या खाणींत पिंजऱ्यातले कॅनरी पक्षी उतरले आणि १९८६ सालापर्यंत ते तिथे चाकरी करीत होते. याच हाल्डेनचे चिरंजीव जे. बी. एस. हाल्डेन १९५७ साली भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.

तेव्हा आग बाहेर हवी, हे ठरले. पण बाहेर नेली म्हणजे काम संपले, असे मात्र समजू नये. अमेरिकेच्या उत्तर भागात कडाक्याची थंडी पडते. तिथे अनेक शेतकऱ्यांच्या आवारात घरापासून दूर, पत्र्याच्या खोपटासारखी दिसणारी एक भट्टी उभी असते. काहींत लाकूड जळते, काहींत कोळसाही. तिच्याही पोटात आग आणि भोवती पाणीच. तापलेले पाणी जमिनीखालच्या नळातून घरात जाते, खोल्या उबदार करते आणि परत येते. आपल्या बंबाचा जणू थोरला भाऊच. घरात ना धूर, ना राख, ना आगीची भीती. पण पाणी पुरेसे तापले, की या भट्टीची हवा बंद होते आणि लाकडे जळण्याऐवजी धुमसत राहतात. भोवतीचे पाणी ज्वाळेला थंड करते, धुराडे बुटके असते आणि दाट धूर शेजाऱ्याच्या खिडकीत शिरतो. शेजाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या, काही राज्यांनी कायदे केले आणि २०१५ साली तिथल्या केंद्र सरकारने या भट्ट्यांच्या धुरावर मर्यादा घातली. २०२० साली ती आणखी कडक केली. ज्या लंडनने डिसेंबर १९५२ मधल्या पाच दिवसांच्या काळ्या धुक्यात हजारो माणसे गमावली आणि १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा केला, त्या शहरालाही हाच धडा मिळाला होता. आपल्या घरातून बाहेर काढलेला धूर कुठे तरी जातोच.

आमचाही धूर जात होता. पलीकडच्या भिंतीला काकूंची खिडकी आहे आणि त्यांना दमा आहे. त्यांनी कधी तक्रार केली नाही; फक्त सकाळी खिडकी उघडणे बंद केले. हे लक्षात आले ते आईच्या. तिने अण्णांना सांगून बंब अंगणाच्या दुसऱ्या कडेला हलवला, वर पत्र्याचे छप्पर घालून घेतले, आणि सरपणाची शिस्त लावली. आजही तीच शिस्त आहे. लाकूड फोडून, वारा लागेल असे रचून वर्षभर वाळवायचे. ओले लाकूड म्हणजे पाणी उकळवण्यासाठी आधी लाकडातलेच पाणी उकळवणे. लहान पण खणखणीत जाळ करायचा, धुमसत ठेवायचा नाही. प्लास्टिक आणि रंग दिलेले लाकूड बंबात घालायचे नाही. राख रोज काढायची, कारण दमट राख लोखंडी जाळी खाऊन टाकते. मधल्या नळीतली काजळी महिन्याला काथ्याच्या झुबक्याने ओढायची. विहिरीच्या पाण्याने आत जी पांढरी पुटे धरतात, ती लिंबाच्या फोडींनी किंवा चिंचेच्या कोळाने सोडवायची. ती पुटे राहिली, तर जाळ जास्त लागतो. वरचे तोंड कधी घट्ट बंद करायचे नाही, वाफेला वाट हवी. आणि पाणी भरल्याशिवाय काडी ओढायची नाही.

या शेवटच्या नियमासाठी मी वर्गात एक प्रयोग करतो. कागदाच्या द्रोणात पाणी घालून तो मेणबत्तीवर धरतो. पाणी तापते, कागद जळत नाही; पाणी आगीची सारी ऊब आपल्याकडे ओढून घेते. बंबाचेही तसेच. तांबे १०८५ अंशांवर वितळते. पण सांध्यांना लावलेले कथील २३२ अंशांवरच पातळ होते. आत पाणी आहे तोवर सांधे सुरक्षित. ते आटले, की पहिल्यांदा सांधाच सुटतो.

मुलीला मी हे सारे सांगितले. रोमन हंडे, समोवार, रॉकेट, ज्युलियन, कॅनरी पक्षी. आणि शेवटी ते १९९६ चेही सांगितले. आजोबांच्या प्रश्नाला मी उत्तर दिले नव्हते, हेही सांगितले. आजोबा आता नाहीत, त्यांना ते सांगायचे राहून गेले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजीनं तुम्हाला नंतर काहीच म्हटलं नाही?"

म्हटले होते. आठवडाभराने ती उठून हिंडूफिरू लागली, तेव्हा पहाटे मला हाक मारून तिने अंगणात नेले आणि माझ्या हाती काड्यापेटी दिली. "आजपासून बंब तू पेटवायचा," एवढेच म्हणाली. त्या दिवसापासून तो मीच पेटवतो. आता सोलर आल्यामुळे रोज नाही. पण पावसाळ्यातल्या ढगाळ आठवड्यांत आणि दिवाळीच्या पहाटे अजूनही.

आई आज शहात्तर वर्षांची आहे. दिवाळी अंक आला, की चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचते. हाही वाचील. आजोबांपुढे जे बोलायला माझे तोंड उघडले नाही, ते इथे लिहून ठेवतो. बंब आत मी नेला होता.

बंब मोडीत जाणार नाही, असे मुलीनेच ठरवले आहे. यंदाच्या नरकचतुर्दशीला काडी ती ओढणार आहे. मी शेजारी उभा राहून आधी पाणी भरले आहे ना, तेवढे पाहीन.